गणपतीच्या मांडवात डॉ. लागूंवर बोलायचं कसं?

बेटा, तुझा प्रश्न वाचून आधी हसूच आलं. कॉलनीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, आरती आटोपल्यावर, तुला वीस मिनिटं डॉ. श्रीराम लागूंवर बोलायचंय. आणि मंडळातल्या काकांनी आधीच बजावून ठेवलंय की 'ते देवाबिवाचं राहू दे, नटसम्राटवर बोल'. तू तीन गोष्टी विचारल्यास: तो भाग गाळू का, ते कम्युनिस्ट होते का, आणि चांगली डॉक्टरकी सोडून ते सिनेमात का गेले. मला विचारलंस ते बरं केलंस. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, आणि इंदूरच्या हौशी रंगभूमीवर चाळीस वर्षं तोंडाला रंग लावलेला माणूस. म्हणजे लागूंची दोन्ही दुकानं मी लहान प्रमाणावर चालवली आहेत.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण घोटाळा तिथेच आहे. लागू सिनेमात गेले नाहीत, नाटकात गेले. सिनेमा मागून आला. १६ नोव्हेंबर १९२७ ला साताऱ्यात जन्म, वडील डॉक्टर, शिक्षण पुण्यात: भावे स्कूल, फर्ग्युसन, मग बी. जे. मेडिकल. भालबा केळकरांच्या जोडीने प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन, पुणेकरांच्या तोंडी नुसती 'पीडीए', उभी केली. नाटक आणि दवाखाना बरीच वर्षं शेजारी शेजारी चालले. मधे कॅनडा आणि इंग्लंडला जाऊन जादा शिक्षण घेतलं, पुण्यात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस केली, टांझानियातल्या टाबोरा नावाच्या गावीही काही काळ डॉक्टरकी केली. आणि १९६९ मध्ये, वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून, पूर्णवेळ नट झाले.

म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी. या आकड्यावर जरा थांब. सर्जनचा हात बसतो, नाव होतं आणि चार पैसे दिसायला लागतात ते नेमके याच सुमाराला. मी बेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा कर्ज काढून कानाच्या ऑपरेशनचा मायक्रोस्कोप घेतला होता. त्या वेळी मी घरी येऊन म्हटलं असतं की उद्यापासून दवाखाना बंद, नाइटवर जगायचं (नाइट म्हणजे प्रयोगामागे नटाला मिळणारे पैसे), तर तुझ्या काकूने मलाच पेशंट म्हणून दाखल केलं असतं. 'हौसेखातर डॉक्टरकी सोडली' असं एका वाक्यात म्हणून मोकळी होऊ नकोस. हौस तर पीडीएत फुकटात भागत होतीच.

'नटसम्राट' डिसेंबर १९७० मधलं. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक, गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. त्यातला गणपतराव बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केला, तरी लोकांच्या मनात तो लागूंचाच राहिला. यावर फार वेळ घालवू नकोस, ते सगळ्यांना पाठ आहे. तुझ्या कार्यक्रमातही कुणीतरी दहा वर्षांचा मुलगा खांद्यावर शाल टाकून ते घर मागणारं स्वगत म्हणणारच. मोठी मुलंही म्हणतात. गॅदरिंगचा हंगाम आला की रामबाग, लोकमान्य नगरकडची दोन-चार पोरं आवाज बसवून माझ्याकडे येतात. काय झालं म्हटलं की खर्जात उत्तर येतं, 'काका, बेलवलकर केला'. सगळ्यांची चूक एकच: गळा आवळून, आवाज कापवत, वरच्या पट्टीत किंचाळायचं. लागूंची नक्कल म्हणून जे चालतं ते हेच. स्वरतंतू म्हणजे दोन नाजूक घड्या, ओठांसारख्या मिटणाऱ्या. जोर पोटातून आलेल्या श्वासाचा हवा. तो कमी पडला की माणूस गळ्याने ढकलतो, घड्या एकमेकींवर आपटतात, सुजतात, आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर त्यांच्यावर गाठी येतात. अशा वेळी पोरं कुजबुजत बोलतात, त्यानेही आराम पडत नाही. गप्प बसणं हाच उपाय, आणि नेमका तोच नटाला जमत नाही.

लागूंना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या पिढीपर्यंत घसा तपासायची रीत अशी होती: कपाळावर गोल आरसा बांधायचा, लांब दांडीचा छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर धरून कोमट करायचा, नाहीतर पेशंटच्या वाफेने तो लगेच धुरकट होतो. मग आपल्याच मनगटामागे टेकवून बघायचं, चटका तर बसत नाही ना. गॉजमध्ये पेशंटची जीभ धरायची, आरसा हलकेच पडजिभेला टेकवायचा आणि म्हणायचं, 'ई म्हणा'. ई म्हटलं की स्वरयंत्र वर येतं आणि तळाशी त्या दोन पांढऱ्या पट्ट्या मिटताना दिसतात. घाई केली तर पेशंटला उमळून येतं आणि काहीच दिसत नाही. त्या काळात कान-नाक-घशाचं शिक्षण घेतलेल्या कुठल्याही डॉक्टरच्या हाताने हे शेकडो वेळा केलेलं असतं. दिसल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय त्यातून लागते. कुणी सांगितलं म्हणून निदान लिहायचं नाही. लागूंची राजकीय आणि धार्मिक मतं मला तरी या सवयीपासून वेगळी काढता येत नाहीत. तुझ्या भाषणाचा धागा हाच धर.

आता ते कम्युनिस्ट होते का. लाल झेंड्याखाली त्यांना बसवायची घाई आपल्याकडे पुष्कळांना असते, कारण देव न मानणारा माणूस म्हणजे कम्युनिस्ट एवढंच गणित ठाऊक असतं. लागू कुठल्याही पक्षाच्या तिकिटावर कधी उभे राहिले नाहीत. त्यांची उठबस होती ती समाजवादी, परिवर्तनवादी मंडळींत: डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, आणि नटांपैकी निळू फुले. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, म्हणजे त्यांचं राजकारण आधी आणि नट नंतर. लागूंचं बरोबर उलटं.

आणि इथे नट रंगवतो ती माणसं आणि त्याची स्वतःची मतं यांतला फरक तुला नीट सांगता आला पाहिजे. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण'. लमाण म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव नेणारा. नट हा असाच, लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत पोचवणारा हमाल, ही त्या नावामागची भूमिका. मला ती फार प्रामाणिक वाटते, कारण त्यांनी वाहिलेल्या मालात त्यांना स्वतःला न परवडणारा मालही होता. विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मधला नाथ देवळालीकर बघ. समाजवादी आमदार, तत्त्वनिष्ठ बाप; मुलगी एका दलित कवीशी लग्न करायचं म्हणते तेव्हा तो हरखून जातो, आणि शेवटी मुलीचा संसार व स्वतःची तत्त्वं दोन्ही हातातून निसटताना बघतो. ज्या गोटात लागूंची उठबस त्याच गोटातल्या माणसाची ही शोकांतिका, आणि ती रंगवायला लागू स्वतः उभे. आमच्याकडे हे नाटक वाचायला घेतलं तेव्हा एका ज्येष्ठ नटाने नाथ करायला नकार दिला होता, 'लोक मला तसा समजतील' म्हणून. असा नट प्रेक्षकांना ओळखत नाही असं मी म्हणेन. स्वतःला तर नाहीच.

गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'त ते विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बसलेले मार्क्सवादी प्राध्यापक झाले. कदाचित त्या भूमिकेवरूनच लोकांनी त्यांना कम्युनिस्ट केलं असेल! पुढे सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ मध्ये, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस केला, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली. एकीकडे चौकशी, दुसरीकडे खटला. दोन्हीकडे मधल्या खुर्चीत प्रश्न विचारणारा माणूस. आणि १९७५ चा 'सामना'. जब्बार पटेलांचा चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. तो शोध आणि बघ, भाषणाआधी बघच. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे लागू. मास्तराकडे सत्ता नाही, पैसा नाही, अंगावर धड कपडे नाहीत. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं, एवढा एक प्रश्न त्याच्याकडे आहे आणि तो सोडत नाही. मी हा चित्रपट किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही, आणि दर वेळी माझं लक्ष लागूंपेक्षा निळूभाऊंकडे जातं, कारण प्रश्न लागू विचारतात आणि तो रुतताना दिसतो तो पाटलाच्या चेहऱ्यावर. समोरच्या नटाला असा माल पोचवता येणं हीसुद्धा लमाणीच.

हिंदी सिनेमांचं थोडक्यात सांग. शंभराच्या वर केले. 'मुकद्दर का सिकंदर', 'लावारिस' तुझ्या बाबांनी पाहिले असतील. पुष्कळ ठिकाणी ते बाप, न्यायाधीश किंवा पुढारी होऊन उभे आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांतली बरीच कामं मला आवडत नाहीत. 'घरौंदा' मात्र वेगळा, १९७७ चा. त्यातल्या वयस्कर मालकाच्या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. आणि १९८२ च्या 'गांधी'त ते गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि लागू फर्ग्युसनमध्ये शिकले, हे सांगितलंस तर पहिल्या रांगेतले पुणेरी आजोबा खूश होतील. १९७४ ची पद्मश्री सांग, आणि आपल्या मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान त्यांना मिळाला होता हेही सांग. इंदूरच्या मांडवात त्याला टाळी पडेल.

रंगमंचावर लेखकाचा माल, आणि स्वतःचा माल स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लेखात, स्वतःच्या भाषणात. 'गिधाडे'च्या वेळची गोष्ट या सीमेवरची आहे. तेंडुलकरांचं हे नाटक १९७० मध्ये लागूंनीच दिग्दर्शित केलं. त्यात एका बाईच्या साडीवर गर्भपाताचा लाल डाग दिसतो. सेन्सॉरने त्याला हरकत घेतली. डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात येऊ लागलं की सेन्सॉरच्या हुकमामुळे हा डाग निळा आहे, आपण तो लाल समजावा. घोषणा नाही, मोर्चा नाही, आणि हुकमाचं पालन तर अक्षरशः. प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला तो डाग पहिल्यापेक्षा जास्त लाल दिसला असणार. हे मांडवात सांगायला संकोच वाटला तर 'रक्ताचा डाग' एवढंच म्हण, मुद्दा पोचतो.

त्यांच्या सामाजिक कामातलं मला सर्वांत पटणारं काम मात्र लोक विसरले आहेत: सामाजिक कृतज्ञता निधी. खेड्यापाड्यांत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरात चूल कशी पेटते हा प्रश्न या मंडळींना पडला. मग आचार्य अत्र्यांचं 'लग्नाची बेडी', चक्क विनोदी नाटक, लागू, निळू फुले, तनुजा, सदाशिव अमरापूरकर असल्या नामांकितांना घेऊन गावोगाव केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या रकमेच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन. गंभीर माणसांनी गंभीर कामासाठी फार्स निवडला. आम्ही मदतनिधीसाठी नाटक करतो तेव्हा नेमकं उलटं करतो, रडकं नाटक घेतो आणि हॉल अर्धा रिकामा राहतो.

आता ते देवाबिवाचं. देवाला आता रिटायर करा, अशी त्यांची जाहीर भूमिका, आणि नव्वदच्या दशकात त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. लोक समजतात की लागू आणि दाभोलकर एकच गोष्ट बोलत होते. तसं नव्हतं. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका अशी की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी आहे. लागूंचं म्हणणं, देव मानणं हीच पहिली आणि सर्वांत मोठी अंधश्रद्धा. ती ठेवून बाकीच्या कशा काढणार? गंमत अशी की हा मतभेद त्यांनी लपवला नाही. दोघांनी मिळून 'विवेकजागराचा वाद-संवाद' नावाने गावोगाव जाहीर कार्यक्रम केले, एकाच व्यासपीठावर, लोकांसमोर. एकाच चळवळीतली दोन माणसं सगळ्यांदेखत एकमेकांना 'हे मला पटत नाही' म्हणतात, हे आज किती ठिकाणी दिसतं? आमच्या नाट्यसंस्थेत तर नेपथ्याच्या रंगावरून दोन गट पडले आणि अजून एकमेकांच्या घरी लग्नाला जात नाहीत. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला (हा पुण्याचा ओंकारेश्वर, आपला नर्मदाकाठचा नव्हे, मांडवात सांगताना हे आधी स्पष्ट कर). लागू तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते.

माझं विचारशील तर माझ्या घरी गणपती बसतो. तरी लागू बरोबर होते की दाभोलकर, हे मला दवाखान्यात आजही ठरवता येत नाही. एक पेशंट होता, वय चाळीसच्या आत, गुटख्याचा. आवाज बसलेला. पहिल्यांदा आला तेव्हा मी सांगितलं, तुकडा काढून तपासायला हवा, लगेच. तो गेला तो एका बाबाच्या नादी लागून तीन महिन्यांनी उगवला, गळ्यात ताईत आणि मानेला लिंबाएवढी गाठ. पहिल्या खेपेला कदाचित आवाजही वाचवता आला असता. नंतर अख्खं स्वरयंत्र काढावं लागलं. त्या दिवशी मी शंभर टक्के लागूंच्या बाजूचा होतो.

दुसरी एक आई. सहा वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेला, रात्री एकला. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना तिच्या डाव्या मुठीत अंगाऱ्याची पुडी होती, घट्ट. पेन उजव्या हातात. तिने पुडीही सोडली नाही आणि सहीलाही क्षणभर उशीर केला नाही. त्या मुठीकडे बघून मला काही बोलावंसं वाटलं नाही. लागूंना काय वाटलं असतं कोण जाणे. दाभोलकर मात्र तिला काही बोलले नसते, एवढं नक्की वाटतं.

या दोन गोष्टींपैकी एखादी तुझ्या भाषणात वापरायची असेल तर खुशाल वापर, फक्त माझं नाव घेऊ नकोस.

आणखी एक. लागूंचा मुलगा तन्वीर गेला तो धावत्या लोकलवर कुणीतरी फेकलेला दगड लागून. कुणाचा दगड, कशासाठी, काही अर्थ नाही. अशा ठिकाणी भलेभले देवाकडे वळतात किंवा देवावर रागावतात, आणि रागावणं म्हणजेही मानणंच. लागू आणि त्यांच्या पत्नी दीपाताई दोहोंपैकी कुठेच गेले नाहीत. २००४ मध्ये त्यांनी मुलाच्या नावाने रंगकर्मींसाठी तन्वीर सन्मान सुरू केला. ही गोष्ट सांगताना आवाज कापवू नकोस. सरळ, बातमी वाचावी तशी वाच. १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात ते गेले, हे वाक्यही तसंच.

तर गाळू का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. पण सुरुवात तिथून करू नकोस. 'डॉ. लागू नास्तिक होते' असं पहिलं वाक्य आलं की पुढची एकोणीस मिनिटं काका मूर्तीकडे आणि लोक काकांकडे बघत बसतील. कोमट केलेल्या आरशापासून सुरू कर, बेचाळिसावं वर्ष सांग, मग लमाण, निळा डाग, 'सामना', 'लग्नाची बेडी', आणि मग देव. तोपर्यंत लोकांना हा माणूस आवडलेला असेल. काकांना आधी जाऊन सांग की हा भाग घेणार आहे, मागून कळू देऊ नकोस. ते नाही म्हणाले तर विचार की लोकमान्यांनी हा उत्सव चौकात आणला तो व्याख्यानांसाठीच ना? अनंत चतुर्दशीला आपल्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात, त्यात भक्तीबरोबर पुढाऱ्यांची टिंगलही चालते, आणि बाप्पाने आजवर कधी हरकत घेतलेली नाही.

तीन-चार मिनिटांत आवाज चढायला लागेल, मांडवात चढतोच, कारण मागे मुलं पळत असतात आणि शेजारच्या गल्लीतला डीजे सुरू असतो. माइक तोंडापासून चार बोटं, घोटभर पाणी, आणि ओरडायचं नाही. रविवारी सकाळी दवाखान्यात ये, येताना पोहे आण. 'लमाण'ची माझी प्रत देतो. पेन्सिलीच्या खुणा आहेत त्या माझ्या, त्या बघून हसायचं नाही, आणि विसर्जनाच्या आधी परत हवी.